सत्तेचाळीस वाचली, आठवतात चार

पत्राचा सारांश:

पत्रलेखिका नाशिकच्या, चाळिशी ओलांडलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या. मुलाची शाळा, बदल्या आणि मोबाइल यांत मधल्या दहा-बारा वर्षांत वाचन सुटलं होतं. म्हणून सरत्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी ५२ पुस्तकांचा संकल्प केला आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत ४७ वाचली. आकडा गाठायला महिनाअखेरीस पातळ पुस्तकं शोधली, स्वयंपाक करताना दीडपट वेगानं ऑडिओबुकं ऐकली, कुठे कुठे पानंही गाळली.

कॉलेजातल्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर डिसेंबरात प्रत्येकीनं ‘यंदाची आवडती पाच पुस्तकं’ दोन-दोन ओळींसह टाकायची रीत आहे. या बाई यादी करायला बसल्या तेव्हा निम्म्याहून जास्त पुस्तकांत काय होतं ते आठवेना. मार्चमध्ये वाचलेलं एक पुस्तक नोव्हेंबरात ग्रंथालयातून पुन्हा आणलं, आणि साठेक पानं झाल्यावर ‘हे वाचलंय’ असं लक्षात आलं. नीट आठवणारी पुस्तकं चारच. सांगोल्याला लग्नाला जाताना एसटीत वाचलेली ‘बनगरवाडी’. नवऱ्याशी जिच्यावरून कडाक्याचं भांडण झालं ती ‘रणांगण’. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, जे बँकेतल्या एका सहकारी बाईंना दिल्यावर डब्याच्या वेळी त्या आपल्या आजीच्या गोष्टी सांगू लागल्या. आणि माहेरच्या ट्रंकेत सापडलेली, वडिलांची सही असलेली बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा. ही शेवटची ‘यादीत टाकण्यासारखी नाही’, असं त्यांचं म्हणणं.

नवरा म्हणतो, एवढं वाचून शेवटी हातात काय आलं? मुलगा म्हणतो, एआयला सांग, दोन-दोन ओळी लिहून देईल. त्यांना विचारायचंय ते असं: हे वयामुळे होतंय का? वर्ष फुकट गेलं का? यादी कशी द्यायची, की ग्रुपच सोडायचा? पुढच्या वर्षी पुन्हा आकडा धरायचा का? आणि पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: सासूबाईंची नजर कमी झाल्यामुळे गणपतीपासून रोज रात्री त्यांना ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवते, ते कॉलेजात एकदा वाचलेलं आणि अजून संपलेलंही नाही, म्हणून मोजलं नाही. त्यातही वेळ जातोच, नाहीतर ५२ झाली असती.

उत्तर:

आधी स्मरणशक्तीचं बोलू, म्हणजे तो घोर बाजूला ठेवून बाकीचं निवांत बोलता येईल. संध्याकाळी काउंटरचा हिशेब जुळतो ना? रोजचा रस्ता, ओळखीच्यांची नावं, या आठवड्यात कुणाला काय कबूल केलंय, हे नेहमीसारखं लक्षात राहतं ना? राहत असेल तर नुसती पुस्तकं विसरण्याला आजार समजू नका. पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत पुष्कळ जणींची झोप तुटते, लक्ष लागत नाही, ऐनवेळी शब्द आठवत नाही. तसं काही होत असेल तर तुमच्या डॉक्टरीणबाईंना मोकळेपणानं विचारा. आणि व्यवहारातच घोटाळे होऊ लागले असतील, तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले जात असतील, तर मात्र सल्ला सदराकडे पत्र लिहीत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. इथून पुढे व्यवहार ठीक आहे असं धरून लिहिते.

विसरण्याबद्दल आपल्या मनात एक हिशेब पक्का असतो: आठवत नाही म्हणजे गेलं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरजुळण्यांच्या लांबलचक याद्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पहिल्या तासाभरात, पहिल्या दिवसात माणूस झपाट्यानं विसरतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्याचं निरीक्षण सगळीकडे सांगितलं जातं. दुसरं तितकंसं सांगितलं जात नाही. पूर्ण विसरलोय असं वाटणारी यादी पुन्हा पाठ करायला घेतली, तर पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे वर काही दिसत नसलं तरी आत काहीतरी उरलेलं असतं. तुमचं नोव्हेंबरातलं पुस्तक तुम्हाला साठाव्या पानावर ओळखू आलंच ना? ते धुऊन गेलं असतं तर शेवटचं पान मिटलं तरी कळलं नसतं.

तरीही ४७ मधली चारच का राहिली, हा प्रश्न उरतोच. ‘विसरलात तरी संस्कार झाले’ असं गोड बोलून मी तो टाळणार नाही. काही पुस्तकांचे संस्कार होत नाहीत. काही पुस्तकं विसरण्याच्याच लायकीची असतात. आणि काही चांगली असूनही आपण त्यांना जागाच दिलेली नसते.

तुमचं वर्ष डोळ्यांपुढे आणून पाहा. ४७ पुस्तकं म्हणजे सरासरी साताठ दिवसांना एक. त्यात नोकरी, घर, सासूबाईंचं औषधपाणी. एक मिटलं की लगेच दुसरं उघडायचं. कुठल्याही कथेला तुमच्या डोक्यात एकटं राहायला दोन दिवससुद्धा मिळाले नाहीत. जेवणावळीत एक पंगत उठायच्या आत दुसरी बसवली तर आधी कोण जेवून गेलं हे वाढणाऱ्यालाही सांगता येत नाही, तसं झालं. शिवाय हा आकडाही मोठा गमतीशीर. जाडजूड ‘मृत्युंजय’ वाचली तरी एक आणि ‘बनगरवाडी’ वाचली तरी एकच. आणि दिवाळी अंक? तुम्ही नाशिकच्या मराठी बाई, नोव्हेंबरात दोन-तीन तरी चाळले असणार. ‘मनोरंजन’ मासिकाच्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या वर्षभराच्या वाचनाचा एक घसघशीत वाटा या अंकांनी उचललाय. कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं आणि शेवटी राशिभविष्य. ते तुमच्या मोजणीत शून्य! कारण ‘वर्षाला ५२ पुस्तकं’ हा हिशेब आपल्याकडे जिथून आला तिथे दिवाळी अंक नसतात.

आता त्या चार पुस्तकांकडे येऊ. ती का आठवतात हे तुम्ही पत्रात स्वतःच लिहून ठेवलंय, फक्त तिकडे तुमचं लक्ष नाही. ‘बनगरवाडी’ तुम्ही एसटीत वाचलीत, माणदेशाकडच्या रस्त्यानं जाताना. व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटीशी कादंबरी १९५५ ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला एक कोवळा मास्तर, तालीम बांधायचा त्याचा ध्यास, आणि शेवटी दुष्काळानं ओस पडलेली वाडी. पुस्तकातनं डोळे काढून तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत तेव्हा रस्त्याच्या कडेनं मेंढरं चालली होती, असं तुम्ही लिहिता. ते पुस्तक घरी पंख्याखाली, सव्वीस नंबरचं म्हणून वाचलं असतं तर त्याचंही बाकीच्यांसारखंच झालं असतं.

‘रणांगण’वरून नवऱ्याशी भांडलात हे तर मला फारच आवडलं. विश्राम बेडेकरांनी १९३९ मध्ये लिहिलेल्या, युरोपहून परतणाऱ्या बोटीवरच्या गोष्टीवरून आज नाशिकमधल्या एका घरात रात्री साडेअकराला आवाज चढतात, याहून त्या पुस्तकाला काय हवं! मुंबईला नायक चक्रधर उतरतो आणि त्याचं जिच्यावर प्रेम जडलंय त्या ज्यू हॅर्टाला घेऊन बोट पुढे जाते. यात चक्रधर भ्याड की असहाय, हा तुमचा वाद. यजमानांना एक विचारा. ‘वाचून हातात काय आलं’ म्हणणारे तुम्ही त्या रात्री एवढे तावातावानं कशाबद्दल बोलत होतात? त्यांनी पुस्तक वाचलं नसेल, नुसतं तुमच्या तोंडून ऐकलं असेल, तर भांडणाला आणखीच रंगत. म्हणजे तुम्ही ते इतकं नीट सांगितलंत की त्यांना बाजू घ्यावीशी वाटली.

‘जिणं आमुचं’ तुम्ही एकट्यानं वाचून बाजूला ठेवलं नाहीत, सहकारी बाईंच्या हातात दिलंत. बेबीताईंनी ते फलटणला किराणा दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि पुस्तक म्हणून ते १९८६ मध्ये आलं. महार वस्तीतल्या बायकांचं जगणं त्यात इतक्या रोखठोकपणे आलंय की वाचणारीला गप्प बसवत नाही. तुमच्या सहकारी बाईंनाही नाही बसवलं. त्यांच्या आजीच्या गोष्टी आता त्या पुस्तकाला कायमच्या चिकटल्या. आणि अर्नाळकरांच्या पुस्तकावर वडिलांची सही होती. चारही पुस्तकांत कागदाच्या बाहेरचं कुणीतरी आलंय: मेंढरं, नवरा, मैत्रीण, वडील. उरलेल्या ४३ मध्ये तुम्ही आणि आकडा एवढे दोघंच होतात.

ऑडिओबुकांना मी दोष देत नाही, बरं का. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे असं म्हणायचं तर आपल्या कितीतरी पिढ्या निरक्षरच नव्हे, अडाणी ठरतील. पण कुकरच्या शिट्या मोजत दीडपट वेगानं ऐकलेली कादंबरी आठवत नाही, यात कादंबरीचा आणि तुमच्या वयाचा काय दोष?

आता तो कंस. पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही कंसात टाकलीत. गणपतीपासून डिसेंबरपर्यंत तुम्ही रोज रात्री एका म्हाताऱ्या बाईला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवताय, आणि तो तुमच्या वहीत खोळंबा म्हणून नोंदला गेलाय! लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लहानपणी शाळा नाही. लग्नानंतर नवऱ्यानं, रेव्हरंड टिळकांनी, अक्षरओळख करून दिली. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, नवरा-बायकोची ताटातूट झाली, पुन्हा संसार मांडला गेला, आणि हे सगळं त्यांनी उतारवयात अशा भाषेत सांगितलं की रडायच्या जागी हसू येतं आणि हसता हसता आवंढा. पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. ते गद्य मुळात सांगण्याचं आहे. मोठ्यानं वाचायला त्याच्याइतकं सोयीचं पुस्तक मराठीत क्वचितच सापडेल. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याची वर्णनं आली की सासूबाई तुम्हाला थांबवतात आणि ‘आमच्या मामंजींचं ऐक’ म्हणून सुरू होतात, त्यामुळे ‘कधी कधी एका रात्री दोनच पानं होतात’, असं तुम्ही जरा कुरकुरत लिहिलंय. त्या दोन पानांच्या रात्री तुम्हाला दोन पुस्तकं ऐकायला मिळतायत, त्यातलं एक छापलेलं नाही.

‘एकदा वाचलंय, म्हणून मोजलं नाही’ हा नियम तुम्ही कुठून आणलात? आपल्याकडे वाचनाची जी जुनी रीत आहे ती बव्हंशी पुन्हा वाचण्याचीच. गुरुचरित्राच्या ५२ अध्यायांचं सात दिवसांचं पारायण करणाऱ्या बाई दरवर्षी तीच पोथी उघडतात. (तुमचा ५२ चा आकडा पाहून मला तीच आठवली.) ज्ञानेश्वरीच्या रोज चार ओव्या वाचणाऱ्याला ‘अहो, ही तर तुमची वाचून झालीय ना’ असं कुणी म्हणतं का? एकानं वाचायचं, चौघांनी ऐकायचं, मध्ये कुणीतरी आपलं पुरवणीचं सांगायचं, हेही त्याच रीतीतलं. पोथीला हा मान आणि कादंबरी-आत्मचरित्राला मात्र ‘एकदा वाचून झालं, आता पुढचं’! वीस वर्षांची असताना तुम्ही ‘स्मृतिचित्रे’ वाचलीत तेव्हा मुलगी म्हणून वाचली असणार. आज सून म्हणून, बायको म्हणून, एका मोठ्या मुलाची आई म्हणून वाचताय. लक्ष्मीबाई त्याच आहेत, पण टिळकांच्या विक्षिप्तपणाकडे तुम्ही तेव्हाच्याच नजरेनं पाहता का, ते मला कळवा.

यादीकडे वळू. एआयकडून दोन-दोन ओळी लिहून घ्यायच्या का, हा मुलाचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण अशा याद्या आता सगळीकडे दिसतात आणि ओळखूही येतात. ‘मानवी नातेसंबंधांचा तरल वेध घेणारी, अंतर्मुख करणारी कलाकृती.’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकाखाली टाका, बसतं. खरं सांगायचं तर माणसंही असं लिहितच होती, पुस्तकाच्या मलपृष्ठावरनं उचलून. पण तुमच्या मैत्रिणी तुम्हाला कॉलेजपासून ओळखतात. त्यांना पुस्तकाची ओळख नकोय, ती कुठेही मिळते. त्यांना त्या पुस्तकापायी तुमचं काय झालं ते हवंय. एसटीतली मेंढरं एआयला ठाऊक नाहीत.

यादी पाचाचीच हवी असा काही कायदा नाही. तीन टाका. एक टाका. आणि अर्नाळकर पहिल्या नंबरवर टाका. ‘आवडतं’ आणि ‘यादीत टाकण्यासारखं’ यांत तुम्ही जो फरक करताय तो आपल्या शिक्षणातून आलाय. आवडलं ते सांगा म्हटलं की आपण थोर काय ते सांगतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी गिरणी कामगारांना, कारकुनांना आणि शाळकरी पोरांना वाचनाची चटक लावली, पाठ्यपुस्तकात लपवून वाचायला शिकवलं. तुमचे वडील त्यातलेच असावेत. ट्रंकेत त्यांनी काय जपून ठेवलं ते पाहा ना. ते पुस्तक तुम्ही एका बैठकीत, पहाटेपर्यंत जागून संपवलंत. वर्षभरात दुसऱ्या कुठल्या पुस्तकासाठी जागलात?

आवडत्या पुस्तकांच्या डिसेंबरातल्या याद्यांबद्दल माझी एक जुनी तक्रारही आहे. त्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाचलेलीच पुस्तकं जास्त असतात. जानेवारीतल्या बिचाऱ्यांना कुणी विचारत नाही. मी माझी यादी गुढीपाडव्याला करते. डिसेंबरअखेर संपलेल्या पुस्तकांपैकी जे पाडव्यापर्यंत मनात राहिलं, कुणाशी तरी बोलताना आपोआप तोंडात आलं, ते आवडतं. यंदाच्या पाडव्याला माझ्या यादीत तीनच नावं होती आणि त्यातला एक रद्दीतून उचललेला, मुखपृष्ठ गेलेला दिवाळी अंक होता. तुम्हीही ग्रुपवर सांगून टाका की माझी यादी पाडव्याला येईल. कुणी रागावणार नाही. दोघी-तिघी तर सुटल्यासारखं वाटून आभार मानतील, कारण ४७ वाचून चार आठवणाऱ्या त्या ग्रुपमध्ये तुम्ही एकट्याच आहात यावर माझा विश्वास नाही.

पुढच्या वर्षी आकडा धरायचा का? इथे मी दोन्हीकडून बोलेन. आकड्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण तो नसता तर तुम्ही आज हे पत्रच लिहिलं नसतं. दहा-बारा वर्षांनी सुटलेली सवय परत लावायला आकडा चांगला. रोज रात्री हात मोबाइलकडे जायचा तो पुस्तकाकडे वळला, एवढं काम त्यानं केलंय. ज्यांचं वाचन अजून सुटलेलंच आहे त्यांनी खुशाल आकडा धरावा, ५२ नव्हे, महिन्याला एक धरावा. तुमचं ते काम झालंय. आता तोच आकडा तुम्हाला पातळ पुस्तकं शोधायला लावतोय, म्हणजे पुस्तक निवडण्याचा निकष त्याची जाडी झालाय. तेव्हा तुम्ही तो सोडावा असं मला वाटतं. अगदीच चैन पडत नसेल तर वीस धरा आणि त्यातली पाच आधी वाचलेली असली पाहिजेत अशी अट घाला. सासूबाईंना वाचून दाखवलेली दुप्पट मोजायची सवलत माझ्याकडून.

आकडा सुटला की एक मोठं सुख मिळतं, ते म्हणजे पुस्तक अर्धवट सोडता येतं. तुम्ही ४७ मध्ये किती पुस्तकं केवळ मोजायची म्हणून रेटलीत? अमेरिकेतल्या सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक छान नियम आहे. कुठल्याही पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत, नाही रमलो तर ठेवून द्यावं. आणि वय पन्नासच्या पुढे गेलं असेल तर शंभरातून आपलं वय वजा करावं, उरतील तेवढीच पानं द्यावीत. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींनी बावीस पानांत निकाल लावावा. वय वाढेल तसा वाचकाचा अधिकार वाढतो, ही कल्पना मला फार आवडते. ग्रंथालयाचं सभासदत्व असेल तर पुस्तक सोडताना पैसे वाया गेल्याचं वाईटही वाटत नाही.

आणि लक्षात राहावं असं खरंच वाटत असेल तर एक उपाय सांगते, जो वाटतो त्यापेक्षा जास्त चालतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा मात्र लिहून काढणारे पुढे निघाले. तुम्हाला परीक्षा द्यायची नाही, पण तत्त्व तेच. पुस्तक संपल्यावर लगेच नाही, दुसऱ्या दिवशी, पुस्तक न उघडता वहीत पाच-सहा ओळी लिहा. गोष्ट काय होती यापेक्षा काय खटकलं, कुणाचा राग आला, कुणाची आठवण झाली. कुठे बसून वाचलं आणि पुस्तक कुणाकडून आलं तेही लिहा. लिहायचा कंटाळा असेल तर कुणाला तरी सांगा. भाजी निवडताना सासूबाईंना सांगा, त्या मध्येच थांबवतील ते चांगलंच. सांगताना जिथे अडखळाल तिथे पुस्तक परत उघडा. आणि पुढचं पुस्तक सुरू करायच्या आधी दोन-तीन दिवस काहीही वाचू नका. सुरुवातीला हात शिवशिवतील, पण तेवढं सोसा.

हे सगळं अर्थातच तुमच्या एकट्यापुरतं नाही. मुलांना शाळेतल्या वाचनस्पर्धेत ‘जास्तीत जास्त पुस्तकं’ वाचायला लावणाऱ्या पालकांची आणि निवृत्तीनंतर कपाटभर पुस्तकं विकत घेऊन ‘अजून एवढी राहिलीत’ म्हणून हवालदिल झालेल्या काकांची पत्रंही अधूनमधून येतात. पालकांना एवढंच सांगेन: मुलाला ‘किती झाली?’ विचारण्याऐवजी ‘त्यातलं सगळ्यात वात्रट माणूस कोण?’ असं विचारून पाहा. काकांनी कपाटाला देणेकऱ्यासारखं घाबरू नये. न वाचलेली पुस्तकं व्याज लावत नाहीत.

राहता राहिला ग्रुप. सोडू नका. सोडल्यावर नवऱ्याशी भांडण होईल अशी पुस्तकं सुचवणार कोण? मात्र एक नवी रीत सुरू करायचा प्रस्ताव मांडा. यादी टाकण्याऐवजी प्रत्येकीनं आपल्याला आवडलेलं एकच पुस्तक, आपल्याकडची प्रत, चिठ्ठ्या टाकून निघेल त्या मैत्रिणीला द्यायची. गावातल्या गावात असेल तर हातोहात, नाहीतर कुरियरनं. घेणारीनं ते पाडव्यापर्यंत वाचायचं आणि मग देणारीला फोन करायचा. मेसेज नाही, फोन. पुस्तक आवडलं नसेल तर तेही फोनवर सांगायचं, आणि का ते सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.